पहिली पसंती, मायनिंग

सुलक्षा,

शिरगावहून परत येऊन आठवडा झाला. इथे राजस्थानात सकाळी हेल्मेट घालून खाणीच्या काठावर उभी राहते, सुरुंगाआधीचा भोंगा होतो, माणसं मागे सरतात, आणि माझा हात खिशातल्या फोनकडे जातो. तुला सांगायचं असतं. काय, ते विचारू नकोस. आज दगड बरा फुटला, एवढंच. कॉलेज सुटल्यापासून मी तुला दुसरं काही सांगितलंच नाही. आणि तू दर वेळी असा एखादा प्रश्न विचारायचीस की मला खाली उतरून पुन्हा बघून यावं लागायचं.

इथले लोक विचारतात, ती तुमची कोण? मैत्रीण म्हटलं की त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. मैत्रिणी एकमेकींना बरं वाटेल असं बोलतात. आपण इतकी वर्षं भांडलो, आणि तेही एकाच गोष्टीवरून. मी मायनिंगला का राहिले?

सुरुवात तुझ्यापासून झाली. पणजीला प्रवेशफेरी होती. हॉलमध्ये मुलं आणि त्यांचे आईबाप खेटून बसले होते आणि मार्कांच्या क्रमानं नावं पुकारली जात होती. तुझं नाव फार आधी आलं. टेबलापलीकडच्या सरांनी मान वर न करताच विचारलं, "कॉम्प्युटर?"

तू म्हणालीस, "मायनिंग."

त्यांनी चष्मा काढला. "अगो, तुका कॉम्प्युटर मेळटा. मेकॅनिकल मेळटा."

"म्हाका मायनिंगूच जाय, सर."

समोरचा माईक चालूच राहिला होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मागे कुणीतरी हसलं. शेजारी उभे असलेले तुझे बाबा जमिनीकडे बघत होते.

माझं नाव आलं तोवर हॉल अर्धा रिकामा झाला होता आणि फळ्यावर मायनिंगखेरीज काही उरलं नव्हतं. आमचं घर मांद्र्याचं. घरामागच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं देऊन बाबांनी मला शिकवलं. घरात एक इंजिनियर असावा ही आईची हौस. कसला, ते तिच्या दृष्टीनं महत्त्वाचं नव्हतं. "आता मिळता तां घे, वर्सान बदलूक येता," असं मावशीच्या यजमानांनी सांगून ठेवलं होतं. पुढे कळलं की वर्गातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी हेच सांगितलं होतं. आपली बस येईपर्यंत मिळेल त्या सावलीला उभं राहावं, तसे आम्ही मायनिंगला येऊन उभे राहिलो होतो.

बाहेर येऊन मी डोळे पुसत होते. वर्गात आणखी एक मुलगी मिळाल्याच्या आनंदात तू जवळ आलीस. "तुका मायनिंग मेळ्ळें मगे? बरें जालें. हांव एकटेंच चली म्हणून भियेल्लें."

"माका नको होतां," मी म्हटलं.

"मागीर कितें जाय आशिल्लें?"

मग काय हवं होतं, हा प्रश्न तोवर मला कुणी विचारलाच नव्हता.

गणेशचवथीची सुट्टी संपवून आपण हॉस्टेलला आलो आणि थोड्याच दिवसांत खाणी बंद झाल्या. वरून आदेश आला आणि डिचोलीच्या रस्त्यावरचे ट्रक थांबले. मेसमध्ये टीव्हीसमोर आपला वर्ग उभा होता. एक जण मोठ्यानं हसत म्हणाला, "आमी शिकूंक लागले आनी खणीच सोंपल्यो!" ज्याच्या घरचे ट्रक होते तो मुलगा ताट तसंच टाकून उठून गेला. तू माझ्या शेजारी पावाचा तुकडा हातात धरून उभी होतीस. तो तू खाल्ला नाहीस आणि खालीही ठेवला नाहीस.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी फळ्यावर भारताचा नकाशा काढला. कोळसा कुठे, बॉक्साइट कुठे, चुनखडी कुठे, ते खुणा करून दाखवलं. "खाण म्हणजे काही फक्त गोवा नव्हे," म्हणाले. ते भल्यासाठीच बोलत होते. पण वर्गानं त्यातून एकच अर्थ घेतला, की इथून सुटायला हवं. त्या वर्षी आपल्या वर्गानं गणिताचा जेवढा अभ्यास केला तेवढा कुठल्याच वर्गानं केला नसेल, आणि तो सगळा मायनिंगमधून बाहेर पडण्यासाठी. पहिली मात्र तू आलीस. सगळ्यांनी धरूनच ठेवलं की आता ही पण जाणार.

परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तू मला शिरगावला नेलंस. तुमच्या अंगणात आंब्याखाली बाबांचा ट्रक ताडपत्री पांघरून उभा होता. सकाळी ते ताडपत्री काढायचे, इंजिन सुरू करून थोडा वेळ तसंच ठेवायचे आणि बंद करून पुन्हा ताडपत्री घालायचे. गावच्या विहिरी खाणीमुळे आटलेल्या. पाण्याचा टँकर यायचा तो खाणवाल्यांचाच, त्यामुळे खाण बंद पडल्यावर तोही कधी यायचा, कधी नाही. तुझी आई दाराशी कळशा मांडून बसलेली असायची.

संध्याकाळी तू मला खाणीच्या खंदकाच्या काठावर नेलंस. पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेला तो लाल डोंगर मी पहिल्यांदा पाहिला. डोंगर उलटा करून जमिनीत पुरल्यासारखा. तळाशी हिरवं पाणी साचलेलं. तिथे उभं राहून तू मला ग्रामसभेची हकीकत सांगितलीस. तू तेव्हा शाळेत होतीस. उपसलेल्या मातीचा ढीग दर पावसाळ्यात तुमच्या शेतात का उतरतो, असं बाबांनी उठून विचारलं होतं. खाणीवरच्या एका साहेबानं इंग्रजी शब्द घालून काहीतरी सांगितलं. बाबांना कळलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. साहेब म्हणाला, "तें टेक्निकल आसा. तुमका कळचें ना." आणि बाबा खाली बसले.

"बाबा सकयल बसले तें हांवें पळयलें," तू म्हणालीस. "त्याच दिसा थारायलें. खण काडपाक सगळेच शिकतात. बंद कशी करची तें कोण शिकना. म्हाका तें शिकपाचें आसा."

मी विचारलं, "आणि बाबांचा ट्रक?"

तू खाली पाण्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तोय आसा."

तुझ्या त्या दोन शब्दांवर मी फार विचार केला आहे. गोव्यातल्या खाणींबद्दल बोलताना लोकांना कुठली तरी एक बाजू हवी असते. तुझ्याकडे ती कधीच नव्हती. शेत होतं, ट्रक होता, कोरडी विहीर होती आणि तुझं डोकं होतं.

मग शाखा बदलायला एक जागा निघाली. इलेक्ट्रॉनिक्सला एक जण सोडून गेला होता आणि मार्कांप्रमाणे ती तुला विचारली गेली. तू नको म्हणालीस. मग ती माझ्याकडे आली. तुझ्यापाशी बसून वर्षभर गणित केलं नसतं तर माझा नंबर तिथवर आलाच नसता, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. कँटीनच्या पायऱ्यांवर तू मला गाठलंस.

"वच," म्हणालीस.

"मी नाय जाणार."

"पिशें जालां काय? वर्सभर तूं हाचेच खातीर रडटालें मगे?"

"आता नाय रडत."

"दर्शू, म्हजें कारण म्हजें. ताचेर तुजें शिक्षण जावचें ना." तू इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "म्हजे खातीर रावशीत जाल्यार फुडें म्हाकाच दोश दितलें."

"तुझ्यासाठी नाय राहत. माझ्यासाठी राहतंय."

"फट!" मला खोटी ठरवून तू चालू लागलीस. पुढे किती तरी दिवस माझ्याशी बोलली नाहीस. ती जागा आपल्या वर्गातल्या संकेतला मिळाली.

हा वाद तू शेवटपर्यंत सोडला नाहीस. फोनवर, माझ्या लग्नात, अगदी माझ्या बाळाला मांडीवर घेऊनसुद्धा. "सांग गो खरें, कित्याक रावलें तूं?" मी दर वेळी वेगळं काहीतरी सांगायचे. आता तू नाहीस, तर नीट विचार करून सांगते. मी खाणीसाठी राहिले नाही. खाणीबद्दल मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. शिरगावच्या लोकांसाठीही राहिले नाही. पायऱ्यांवर तू समोर उभी होतीस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग आला, ज्यात मी कुणालाच ओळखत नव्हते. तुझ्या बाकावर बसले की मला मी मठ्ठ वाटत नसे. माणसं कॉलेजात कशासाठी टिकतात त्याची मोठमोठी कारणं सांगतात. मी शेजारच्या बाकासाठी टिकले. तुझंच बरोबर होतं, आणि हे मी तुझ्यासमोर कधीच कबूल केलं नसतं.

विषय आवडला तो फार नंतर. तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत दगडाचा तुकडा यंत्रात दाबत होतो. काटा चढत गेला, आणि फुटायच्या जरा आधी दगडातून बारीक करकर आवाज आला. तू माझा दंड धरलास. "आयकलें? सांगता तो. फुटचे पयलीं सांगता." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर जागी आहोत. आज माझं पोट ज्यावर चालतं ते सगळं त्या एका क्षणापासून सुरू झालं. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात आभाराची पद्धतच नव्हती.

त्याच वर्षी आपल्याला नागपूरकडे भूमिगत खाण दाखवायला नेलं. मुलांना टोप्या आणि दिवे मिळाले. आपल्याला ऑफिसात बसवलं. बायकांना जमिनीखाली उतरायची कायद्यानंच बंदी होती तेव्हा. मॅनेजर भला माणूस होता, त्यानं हात जोडून सांगितलं, "नियम आहे, बेटा." आपल्यापुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. खिडकीतून मुलांना घेऊन पिंजरा खाली जाताना दिसला. मला त्याचं फार काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंच झालं. तू बिस्किटाला हात लावला नाहीस. मुलं वर आल्यावर तू एकेकाला धरून विचारत बसलीस: छताला आधार कसला, पाणी कुठून ठिबकत होतं, हवा कुठून येत होती. पोरं कंटाळली. परतीच्या गाडीत तू मला म्हणालीस, "चार वर्सां शिकयतले आनी दारांत बसयतले." एवढंच. नंतर सगळी वाट डोळे मिटून बसलीस. झोपली नव्हतीस.

शेवटच्या वर्षी नोकरी द्यायला फारसं कुणी आलं नाही. आले त्यांना मुलगे हवे होते. एका चुनखडीच्या खाणीला मुलगी चालणार होती, एकच. त्यांनी तुला निवडलं. तू नाही म्हणालीस, कारण तुला शिरगाव सोडायचं नव्हतं. पुन्हा एकदा तू सोडलेली जागा माझ्याकडे आली आणि या खेपेस मी ती घेतली. मी इथे आले. गोव्यातल्या खाणी मध्यंतरी थोड्या चालू झाल्या, तेव्हा तुला पाणी उपसण्याच्या कंत्राटदाराकडे काम मिळालं. पंपावर. मग पुन्हा सगळं बंद झालं आणि तू घरी बसलीस. घरी बसलीस म्हणजे लोकांनी तसं म्हटलं. तू सकाळी मुलांना गणित शिकवायचीस आणि दुपारी त्या खंदकाच्या काठानं फिरायचीस, कुठे भेग गेली, कुठे झरा फुटला ते बघत.

मग तू ग्रामसभेत उभी राहिलीस. फोनवर मला सगळं सांगितलंस, आणि सांगताना हसत होतीस, म्हणूनच मला भीती वाटली. खंदक भरत आलाय, पावसाआधी उपसला नाही आणि बाजूला चर खणला नाही तर शेताकडची बाजू धरणार नाही, असं तू सांगितलंस. समजेल अशा भाषेत सांगितलंस. तुला वाटलं होतं साहेब लोक तुला गप्प करतील. पण ओरडले ते ट्रकवाले, तुझ्या बाबांबरोबर रोज चहा पिणारे. "खण सुरू करपाचें उलय! बंद करपाचें शिकून आयलां व्हड!"

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा उठले आनी म्हजे कडेन येवन उबे रावले," तू म्हणालीस. मग आवाज बदलला. "कांय उलयले नात. नुसते उबे."

त्यानंतर तुझ्याकडे शिकायला येणारी मुलं कमी होत गेली. कुणी भांडून गेलं नाही, यायचीच थांबली. पुढच्या पावसात तू सांगितली होतीस तीच बाजू गेली. माणूस कुणी गेलं नाही, पण लाल चिखल शेतांत भरला, तुमच्याही. तुझं खरं झालं असं गावात कुणी म्हटलं नाही. मी फोनवर म्हटलं तर तू मलाच थांबवलंस. "तें उलोव नाका. खरें जालें म्हणून म्हाका बरें दिसूंक ना."

आजार नंतर आला. रक्ताचा कॅन्सर, असं तुझ्या बाबांनी मला सांगितलं तेव्हा ते शब्द नीट जुळवून बोलत होते, चुकू नये म्हणून. मी रजा टाकून आले.

तू गेल्यावर तुमच्या घरी माणसं भेटायला येत होती. संकेतही आला, बेंगळुरूहून. बाहेरच्या पडवीत माझ्याशेजारच्या लाकडी कदेलावर बसला. भला मुलगा आहे, तुझ्यासाठी डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मी तुमच्या दोघींच्या जागेवर शिकलो. कधी विसरलो नाही." आणि मग म्हणाला, "फुकट गेली गं ती. एवढं डोकं. कॉम्प्युटर घेतलं असतं तर कुठे असती आज."

मला इतका राग आला की मी उठले. पण पुन्हा खाली बसले. कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर हेच माझ्याही मनात येत होतं. दारात चहा घेऊन तुझी आई उभी होती. तिनं ऐकलं होतं. कप ठेवताना म्हणाली, "ताका जें जाय आशिल्लें तें तें शिकलें. म्हाका तितलेंच खबर." अंगणातला ट्रक विकला गेला होता. त्या जागी अजून गवत उगवलं नव्हतं.

आता ते सांगते, जे सांगायला हे सगळं लिहायला बसले.

बांबोळीच्या इस्पितळात एका दुपारी आपण दोघीच होतो. बाबा औषध आणायला खाली गेले होते. तू जनेलाबाहेर बघत होतीस. मला वाटलं डोळा लागला. तू तशीच, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दर्शू, म्हजें चुकलें काय गो? कॉम्प्युटर घेवंक जाय आशिल्लें?"

इतक्या वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. माझं का, ते तू शंभरदा विचारलंस. तुझं का, याबद्दल तुला कधी शंका आलेली मी पाहिली नव्हती. मी घाबरले. तुझा हात धरला आणि म्हटलं, "नाय गो. काय चुकूक नाय तुझा. कायतरीच काय इचारतंस?" आजारी माणसाशी बोलतात तसं. आवाज मऊ करून.

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मी पहिल्यांदाच तुझ्याशी न भांडता काहीतरी बोलले होते, आणि ते का, हे तुला कळलं. "बरें," म्हणालीस. पुन्हा जनेलाकडे वळलीस. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस.

सुलक्षा, मी हो म्हणायला हवं होतं. चुकलं, सपशेल चुकलं, सगळ्या हॉलसमोर येडपटासारखं मायनिंग मागितलंस, असं तोंडावर म्हणायला हवं होतं. मला ते पटत असो वा नसो. मग तू उशीवरून डोकं उचललं असतंस. सलाईनचा हात विसरून माझ्यावर बोट रोखलं असतंस, बाबांचं, शेताचं, पाण्याचं, सगळं पहिल्यापासून सांगायला लागली असतीस, सिस्टर धावत आली असती आणि मला बाहेर काढलं असतं. आणि मायनिंग का घेतलं, ते तुला एकदा तुझ्याच तोंडून मोठ्यानं ऐकायला मिळालं असतं.